रेशीम संगोपनगृह, कुटुंब आणि कृत्रिम बुद्धिमत्ता

म्हैसूर हे नाव मराठवाड्यातील तुती उत्पादकाला परके नाही. बीड-जालना परिसरातील तुतीच्या बागांमध्ये सर्रास दिसणारी व्ही-१ ही जात म्हैसूर येथील केंद्रीय रेशीम संशोधन व प्रशिक्षण संस्थेची देणगी आहे. १९६१ साली स्थापन झालेल्या या संस्थेने विकसित केलेल्या बायव्होल्टाइन संकर वाणांनी रेशीम उद्योगाला उत्पादनाचे नवे परिमाण दिले. पूर्वी येथील शेतकऱ्याला कोष विक्रीसाठी कर्नाटकातील रामनगरची वाट धरावी लागे. २०१८ पासून जालन्यातही कोष बाजारपेठ उपलब्ध झाली. आता या व्यवसायात कृत्रिम बुद्धिमत्तेचे पाऊल पडत आहे. महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये कृषी क्षेत्रातील कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी स्वतंत्र धोरण मंजूर केले आहे. अशा वेळी या तंत्रज्ञानाचे घरातील स्थान कोणते, हा प्रश्न विचारात घेणे अगत्याचे ठरते; कारण रेशीम कीटक संगोपन हा सर्वार्थाने कुटुंबाचा व्यवसाय आहे.

अंड्यातून बाहेर पडलेली अळी साधारणतः २५ ते २८ दिवसांत कोष विणण्यास तयार होते. या काळात ती चार वेळा कात टाकते आणि पाच अवस्थांतून जाते. एकूण पाल्यापैकी ८० टक्क्यांहून अधिक पाला ती एकट्या पाचव्या अवस्थेत फस्त करते. या अवस्थेत संगोपनगृहात २४ ते २५ अंश सेल्सिअस तापमान आणि सुमारे ७० टक्के आर्द्रता असावी लागते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हे प्रमाण राखणे किती कठीण आहे, हे सांगावयास नको. येथे यंत्राची मदत मोलाची आहे. संवेदक रात्री-अपरात्री तापमान मोजतो आणि ते वाढताच मोबाइलवर सूचना देतो. रोगट अळीचे छायाचित्र पाहून ग्रासरीची शंका यंत्राने वेळीच बोलून दाखविली, तर अशा अळ्या त्वरित वेचून नष्ट करता येतात आणि पुढील हानी टळू शकते. मात्र पेब्रिनसारख्या रोगाचे निदान छायाचित्रावरून होत नाही; त्यासाठी सूक्ष्मदर्शकाखालील तपासणीच आवश्यक असते. यंत्राची ही मर्यादा शेतकऱ्याला स्पष्टपणे सांगितली गेली पाहिजे.

याहून सूक्ष्म मर्यादा मोल्टच्या वेळी लक्षात येते. अळ्या मोल्टला बसल्या की खाद्य थांबवून चुना धुरळावा लागतो आणि जवळजवळ सर्व अळ्या मोल्टमधून उठल्यावरच पुन्हा पाला द्यावा लागतो. घाई झाली तर आधी उठलेल्या अळ्या पुढे जातात व उरलेल्या मागे पडतात. विलंब झाला तर उठलेल्या अळ्या उपाशी राहतात. दोन्ही बाबतींत बॅच विषम होते आणि कोषांची प्रत घसरते. हा निर्णय बहुधा पहाटे रॅकपाशी उभ्या असलेल्या व्यक्तीचा असतो आणि ती व्यक्ती अनेक घरांत त्या घरची स्त्री असते. कोणत्या कोपऱ्यात दमटपणा साचतो, कोणत्या खिडकीतून दुपारची झळ येते, पाल्याचा देठ केव्हा निबर झाला, हे तिला वर्षानुवर्षांच्या वावराने ठाऊक असते. ही तिची विद्या आहे; ती कोणत्याही प्रमाणपत्रावर नोंदलेली नसते, एवढेच.

प्रत्यक्षात मात्र यंत्राची सूचना नोंदणीकृत मोबाइल क्रमांकावर येते आणि तो क्रमांक सहसा घरातील पुरुषाचा असतो. तो बाजाराला गेला असेल, तर सूचना त्याच्या खिशात राहते आणि शेडमधील बाई ती न कळताच काम करते. यात दुसरीही एक हानी संभवते. मुलगा आईला वा आजीला विचारण्याऐवजी मोबाइलला विचारू लागला, तर उत्तर मिळेल; परंतु विचारण्याच्या निमित्ताने होणारे शिकणे थांबेल. ज्येष्ठांचे ज्ञान प्रश्नांवाचून मुके होते आणि तरुणाची निरीक्षणशक्ती सरावावाचून बोथट होते.

याचा अर्थ यंत्र नाकारावे, असा नव्हे. रात्रीच्या खेपा वाचल्या, तर कुटुंबाला विसावा मिळेल आणि शिकलेली मुले या व्यवसायात टिकण्याची शक्यताही वाढेल. प्रश्न यंत्राला घरात कोणते स्थान द्यावे, एवढाच आहे. त्याची सूचना हा कुटुंबातील संवादाचा आरंभ असावा, शेवट नव्हे.

भाषेच्या बाबतीतही म्हैसूरचेच उदाहरण मार्गदर्शक आहे. १९६९ पासून तेथे कार्यरत असलेली भारतीय भाषा संस्थान ही संस्था मराठीसह अनेक भारतीय भाषांतील लेखी व बोली सामग्रीचे संकलन करते. भाषा जाणणारे यंत्र अशाच सामग्रीवर घडते. ‘अळ्या मोल्टला बसल्या’ हे वाक्य त्या सामग्रीत नसेल, तर यंत्राला ते कसे उमगावे? म्हणून शेतकऱ्याच्या, विशेषतः शेतकरी स्त्रीच्या तोंडची भाषा नोंदविणे हेही विस्तारकार्यच मानावयास हवे.

विस्तार कार्यकर्त्यांनी त्यासाठी काही साध्या गोष्टी कराव्यात. सूचना-सेवेची नोंदणी करताना संगोपनात प्रत्यक्ष राबणाऱ्या स्त्रीचा क्रमांकही घ्यावा. प्रशिक्षण सभागृहापेक्षा शेडमध्ये आणि पती-पत्नी, शक्य तेथे मुले व ज्येष्ठ यांच्या एकत्रित उपस्थितीत द्यावे. यंत्राने दिलेला सल्ला आणि घरातील जाणत्या व्यक्तीचा अंदाज, दोन्ही एकाच वहीत बॅचनिहाय लिहून ठेवण्याची सवय लावावी. दोन-चार बॅचनंतर कोणाचे कोठे बरोबर ठरले, हे कुटुंबालाच दिसेल. ती वही वाचण्यासाठी घरातील माणसे एकत्र बसतील, तेव्हा यंत्राचा खरा उपयोग सुरू होईल.