पाटाचं पाणी

बारामती-इंदापुरात ‘पाट’ म्हणजे नीरा डावा कालवा. १८८०च्या दशकात तो आला आणि दुष्काळी माळावर ऊस उभा राहिला. सरकारदरबारी कालवा, आवर्तन. बांधावर मात्र पाट, पाळी आणि पाटकरी. घरात पाट म्हणजे जेवायला बसायची फळी, पूर्वी विधवेचा पुनर्विवाहही. हिंदीत नदीचं पात्र किती रुंद तो पाट, बंगालीत ताग, आसामीत चक्क रेशीम! रेशीम आणि फळी दोन्ही संस्कृत ‘पट्ट’मधून आली. आम्हाला मात्र पाण्याचाच अर्थ जवळचा. इंदापूरच्या टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटाला, रात्रीची पाळी आली की बॅटरी घेऊन सरीसरीनं दारं धरणारा माणूस तो अर्थ जगतो. ठिबक सिंचन वाढतंय; दंड, चारी, बारं हे पाटपाण्याचे शब्द मागे पडतील. घरातल्या जुन्या माणसांकडून ते आत्ताच लिहून घ्या आणि आम्हाला पाठवा.