मागच्या आसनाचा विमा

दारात दुचाकी नाही असे घर आपल्या छत्रपती संभाजीनगरात शोधावे लागेल. वाळूजच्या बजाज कारखान्यात १९८५ पासून दुचाकी घडत आहेत, आणि शहरानेही त्यांना घरच्या माणसाप्रमाणे सामावून घेतले आहे. सकाळी घाटी रुग्णालयाच्या फाटकापाशी क्षणभर उभे राहिले तर औषधांची पिशवी मांडीवर घेऊन, नातवाच्या खांद्याला धरून मागे बसलेले कितीतरी आजी-आजोबा दिसतात. त्यांच्या गोळ्यांच्या वेळा घरातील सर्वांना तोंडपाठ असतात. ज्या आसनावर ते बसले आहेत त्याला विम्याचे संरक्षण आहे काय, असे विचारले तर मात्र ‘पाच वर्षांचा विमा आहे की!’ एवढेच उत्तर मिळते. हे उत्तर खोटे नाही. पण ते अपुरे आहे, आणि त्याची किंमत नेमकी मागे बसणाऱ्याला मोजावी लागू शकते.

या पाच वर्षांचे मूळ एका डॉक्टरांच्या याचिकेत आहे, हे आरोग्यविषयक पाक्षिकाच्या वाचकांना विशेष वाटावे. कोइमतूरचे अस्थिशल्यविशारद डॉ. एस. राजशेखरन यांनी रस्ते अपघातांच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली होती. त्या प्रकरणात न्यायालयाने २० जुलै २०१८ रोजी आदेश दिला, की १ सप्टेंबर २०१८ पासून नवी मोटार घेताना तीन वर्षांचा आणि नवी दुचाकी घेताना पाच वर्षांचा ‘थर्ड पार्टी’ विमा एकदमच उतरविला पाहिजे. कारण साधे होते. मोटार वाहन कायद्याने हा विमा पूर्वीपासूनच सक्तीचा होता. पण पहिले वर्ष संपले की असंख्य दुचाकींचे नूतनीकरणच होत नसे. अशा गाडीने कुणाला धडक दिली, तर जखमीच्या कुटुंबाला भरपाईसाठी चालकाच्या रित्या खिशाकडे पाहावे लागे.

हप्त्याचा हिशेब असा. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीला, म्हणजे आपल्या नेहमीच्या स्कूटरला, वर्षाला ७१४ रुपये आणि पाच वर्षांसाठी एकरकमी ३,८५१ रुपये पडतात, कर वेगळा. सरळ गुणाकारापेक्षा ही रक्कम थोडी अधिक आहे, पण मध्येच दर वाढले तरी त्याची झळ लागत नाही आणि दरसाल आठवण ठेवण्याचा व्यापही उरत नाही.

आता त्या कागदात काय नाही, ते पाहू. ‘थर्ड पार्टी’ म्हणजे आपल्या गाडीमुळे ज्याचे नुकसान झाले तो तिऱ्हाईत. आपली गाडी मोडली वा चोरीला गेली, तर हा विमा एक रुपयाही देत नाही. त्यासाठी स्वतःच्या नुकसानीचा वेगळा विमा लागतो. नवी गाडी घेताना तो बहुधा एकाच वर्षाचा दिलेला असतो. पहिल्या वाढदिवसाला तो संपतो आणि घरचे मात्र पाच वर्षांच्या भरवशावर निर्धास्त असतात.

याहून गंभीर गोष्ट मागच्या आसनाची. केवळ कायद्यापुरता, म्हणजे निव्वळ ‘थर्ड पार्टी’ विमा असेल, तर मागे विनामूल्य बसलेली व्यक्ती तिऱ्हाईत ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली स्पष्ट केले आहे. जालना रस्त्यावर ट्रकने धडक दिली आणि चूक ट्रकचालकाची असली, तर आजी ट्रकच्या विमा कंपनीकडे भरपाई मागू शकतात. परंतु कुत्रे आडवे आले, स्कूटर घसरली आणि आजींच्या खुब्याचे हाड मोडले, तर? तेथे दुसरे वाहनच नाही, आणि नातवाच्या गाडीचा निव्वळ थर्ड पार्टी विमा हात वर करतो. बोलीत ज्याला ‘फुल इन्शुरन्स’ म्हणतात त्या पॅकेज विम्यात मागे बसणाऱ्याचा समावेश होतो. विमा नियामकाने २००९ साली कंपन्यांना तसे बजावलेही आहे. याशिवाय मागे बसणाऱ्यासाठी वैयक्तिक अपघात संरक्षण थोडा जादा हप्ता भरून घेता येते. आपल्या विमापत्रात ते आहे की नाही, हे कंपनीला लेखी विचारावे. तोंडी ‘सगळे कव्हर आहे’ यावर विसंबू नये.

आणखी एक गाठ आपल्याकडे हमखास आढळते. गाडी आजोबांच्या नावावर आणि चालवतो नातू. गाडीच्या मालकासाठी १५ लाख रुपयांचे वैयक्तिक अपघात संरक्षण असते, पण ते नोंदणीकृत मालक स्वतः, वैध परवान्यासह गाडी चालवीत असेल तेव्हाच. नातवाला त्याचा काहीही लाभ नाही. आजोबांनी गाडी चालविणे सोडले असेल, परवानाही संपला असेल, तर त्या संरक्षणाचा हप्ता वाया जातो. गाडी चालवणाऱ्याच्या नावावर करावी हे बरे. मायेपोटी कुणी बोलत नाही, म्हणून येथे लिहिले.

मालकाचे निधन झाल्यास दुःखाच्या दिवसांतही एक काम विसरू नये. गाडी ज्याच्या ताब्यात येते त्याने ३० दिवसांच्या आत आरटीओला मृत्यूची आणि गाडी वापरण्याच्या इराद्याची माहिती दिली, तर तीन महिने ती वापरता येते. त्या मुदतीत नोंदणी आणि विमा दोन्ही वारसाच्या नावे करून घ्यावेत. वडिलांची आठवण म्हणून त्यांच्याच नावाने वर्षानुवर्षे गाडी फिरविणारी मुले मी पाहिली आहेत. भावना समजते, पण दावा करण्याची वेळ आली की पहिला प्रश्न नावाचाच निघतो.

अपघात झालाच, तर मे २०२५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या योजनेनुसार अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत, नियुक्त रुग्णालयांत रोख पैसे न भरता उपचार मिळतात. पोलिसांत नोंद लगेच करावी. भरपाईचा अर्ज मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे करायचा असतो आणि कायद्यात त्यासाठी सहा महिन्यांची मुदत सांगितली आहे. रुग्णाच्या शुश्रूषेत ती नकळत सरून जाते. म्हणून घरातील एकाने रुग्णाजवळ थांबावे, तर दुसऱ्याने पहिल्याच आठवड्यात कागदपत्रांचे पाहावे.