ऊर्णनाभ आणि गृहस्थाश्रम

आपल्या परंपरेत कोळ्याला मानाचे स्थान आहे. अक्षरापासून विश्व कसे उत्पन्न होते हे सांगताना मुंडकोपनिषदाला पहिला दृष्टान्त आठवतो तो स्वतःतूनच तंतू काढणाऱ्या आणि तो पुन्हा आत घेणाऱ्या ऊर्णनाभाचा. भागवताच्या अकराव्या स्कंधातील अवधूताच्या चोवीस गुरूंत कोळी आहे, त्यामुळे एकनाथी भागवतातही तो आहे. श्रीकाळहस्तीच्या स्थलपुराणात शिवाच्या तीन भक्तांपैकी एक कोळीच. इतकी प्रतिष्ठा लाभलेला हा जीव न्हाणीघराच्या भिंतीवर दिसला, की एखादा सुशिक्षित, प्रौढ माणूस उंबऱ्याबाहेर थिजून उभा राहतो. माझा नवरा अशांपैकी एक आहे. त्याच्यासोबत इतकी वर्षे राहून या भयाविषयी माझी काही मते बनली आहेत. साहित्याच्या अभ्यासकांशी त्यांचा संबंध आहे असे वाटते, म्हणून ती इथे मांडत आहे.

विनोदी लेखनात आणि नाटकांत हा प्रसंग ठरलेला असतो : बायको किंचाळते, नवरा केरसुणी घेऊन धावतो. भूमिकांची ही वाटणी फार जुनी आहे. नाट्यशास्त्राच्या सातव्या अध्यायात भरताने भय हा भाव स्त्रिया आणि नीच प्रकृतीची पात्रे यांच्याकडे सोपवला आहे. आपण भरताला ग्रंथालयात ठेवले, पण हे वर्गीकरण मात्र दिवाणखान्यात जपले. म्हणूनच आमच्या घरी केरसुणी माझ्या हाती असते हे कळल्यावर पाहुणे हसतात. बाई घाबरली तर ते हसणे कौतुकाचे असते, पुरुष घाबरला तर त्यात त्याच्या पुरुषत्वाची झडती असते. भयानक रसाचा आस्वाद ज्याला भय नाही त्यालाच घेता येतो, हे काव्यशास्त्राच्या तासाला शिकवताना मला आता थोडे अवघडल्यासारखे होते. कंप, वैवर्ण्य, स्वरभेद हे अनुभाव माझ्या घरात रंगमंचाविना प्रकट होतात, आणि मी त्यांची प्रेक्षक नसते.

हसण्याहून सभ्य वाटणारी दुसरी प्रतिक्रिया म्हणजे अर्थ लावणे, आणि ती आपल्या पेशाची खास खोड आहे. कार्ल अब्राहमचा हवाला देत फ्रॉइडने 1933मध्ये स्वप्नातील कोळ्याचा संबंध भीतिदायक मातेशी जोडला. लुईझ बुर्ज्वाने 1999मध्ये कोळ्याचे महाकाय शिल्प घडवले, त्याला आईचेच नाव दिले, आणि तिच्या दृष्टीने ती आई विणणारी, सांधणारी, रक्षण करणारी होती. प्रतीक एकच, आशय परस्परविरुद्ध. वर्गात ही अनेकार्थता आनंद देते. पण भिंतीकडे पाहून घाम फुटलेल्या माणसाला ‘तुला नेमकी कशाची भीती वाटते?’ असे विचारणे ही उलटतपासणी असते. त्याला कोळ्याची भीती वाटते. त्या वाक्यात रूपक नाही.

शब्दांचा माग काढला तर थोडे अधिक हाती लागते. ‘लूता’ या संस्कृत शब्दाचा एक अर्थ कोळी, दुसरा त्वचारोग. सुश्रुतसंहितेचे कल्पस्थान लूताविषाची सविस्तर चर्चा करते. अंगावर पुळ्या उठल्या की ‘कोळी फिरला असेल’ असे म्हणणारी माणसे अजून भेटतात. ग्रॅहम डेव्ही या मानसशास्त्रज्ञाने 1994मध्ये असा तर्क मांडला, की युरोपातील कोळ्याच्या भयामागे त्याचा रोगराईशी लावला गेलेला संबंध असावा. तर्कच तो. पण निदान हे भय एकट्या माणसाच्या दुबळेपणातून उगवलेले नाही, त्यामागे भाषेने शतकानुशतके वाहून आणलेले काहीतरी असू शकते, एवढी सहानुभूती त्यातून शिकता येते.

‘भीती अज्ञानातून जन्मते’ हे वाक्य विद्यार्थ्यांच्या निबंधांत हमखास येते. माझ्या नवऱ्याला आमच्या घरातला तो मोठा, तपकिरी कोळी जाळे विणत नाही, झुरळे खातो, मादी अंड्यांची चपटी पांढरी पिशवी पोटाखाली धरून हिंडते आणि माणसाला तिच्यापासून फारसा धोका नसतो हे माझ्याहून चांगले ठाऊक आहे. माहितीने भय हटत नाही. ते हटवण्याचे मार्ग आहेत. स्वीडनच्या लार्स-योरान ओस्ट यांनी 1989मध्ये अशा विशिष्ट भयांसाठी जास्तीत जास्त तीन तासांच्या एकाच बैठकीची उपचारपद्धती मांडली. तिथे भयवस्तूला पायरीपायरीने, रुग्णाच्या संमतीने सामोरे जायचे असते. ‘सवय व्हावी’ म्हणून उशीवर रबरी कोळी ठेवणारे आप्त या संमतीचा भाग सोयीस्करपणे विसरतात.

यावर एक रास्त आक्षेप आहे. टाळल्याने भय टिकून राहते, मग प्रत्येक वेळी कोळी बाहेर नेऊन सोडणारी बायको त्या भयाला खतपाणीच घालत नाही काय? काही अंशी घालते. तरीही उपचार घ्यायचा की नाही हा निर्णय त्याचा आहे. तो घेईपर्यंत मी त्याची चिकित्सक होऊ नये असे मला वाटते. सहजीवनात दोघांपैकी एकाने दुसऱ्याला सुधारण्याचा प्रकल्प मानले, की घराची शाळा होते.

मग जोडीदाराचे काम कोणते? माझ्या मते फक्त खरे बोलणे. भांडे पालथे घालून, खाली जाड कागद सरकवून कोळी बाहेर नेणे सोपे असते. अवघड क्षण येतो तो कोळी कपाटामागे निसटतो तेव्हा. दाराबाहेरून प्रश्न येतो, ‘गेला का?’ ‘गेला’ म्हटले की दोघांनाही झोप लागेल. पण त्या एका शब्दाच्या आधारावर तो अंधारात भिंतीला हात लावणार असतो. म्हणून ‘सापडला नाही’ असेच सांगायचे, आणि ती रात्र दोघांनी बाहेरच्या खोलीत काढायची. ज्याचे भय आपल्याला वाटत नाही त्याविषयी खोटे बोलणे फार स्वस्त असते, आणि त्याची किंमत नेहमी दुसऱ्यालाच मोजावी लागते.