साम्राज्य उभारताना रांधतं कोण?

सिनेमा, जाहिराती, शाळेची पुस्तकं यांतून बाईची कोणती प्रतिमा उभी केली जाते यावर आपल्या चळवळीत भरपूर बोलणं-लिहिणं झालं. संगणकावरच्या खेळांकडे मात्र आपण फारसं पाहिलं नाही. पोरांचा नाद म्हणून सोडून दिलं, फार तर मारामारीच्या खेळांबद्दल कुरकुर केली. मला लिहायचंय ते ज्याला आईबापही ‘डोक्याचा खेळ आहे, इतिहास कळतो’ म्हणून कौतुकाने चालवून घेतात अशा एका खेळाबद्दल.

‘सिव्हिलायझेशन’ हा तो खेळ. सिड मायर आणि ब्रूस शेली यांनी तो १९९१ मध्ये आणला. सहावी आवृत्ती २०१६ ची, सातवी २०२५ ची. बुद्धिबळासारखी एकेकाने आपली चाल करायची. सहाव्या आवृत्तीत इसवी सन पूर्व ४००० मध्ये तुमच्यापाशी असतात फक्त एक ‘सेटलर’, म्हणजे वसाहत करणाऱ्यांचा जथा, आणि एक योद्धा. शक्यतो पहिल्याच चालीत नगर वसवायचं, नकाशावरचा अंधार हटवत जायचं, आणि शेजारी पोचायच्या आत दुसरं, तिसरं नगर वसवून जमीन अडवायची. पुढे ‘आरंभीचं साम्राज्य’ नावाची पायरी येते. ती गाठली की ‘वसाहतीकरण’ नावाचं धोरण हाती येतं आणि सेटलर दीडपट वेगाने तयार होऊ लागतात. या जातीच्या खेळांना १९९३ मध्ये एका समीक्षकाने चार क्रियापदांवरून नाव दिलं: शोधा, पसरा, ओरबाडा, संपवा. लपवाछपवी नाही, एवढं तरी मान्य करायला हवं.

पण हा सुरुवातीचा भाग खेळताना नीट पाहिलं तर त्यात लढाई थोडी असते. धान्य किती येतं, पाणी जवळ आहे का, माणसं वाढली तर राहायला जागा पुरेल का, आहे त्यात आधी काय करायचं आणि काय मागे ठेवायचं, हाच हिशेब सारखा चालतो. मैत्रिणींनो, हा हिशेब आपल्या ओळखीचा आहे. महिनाअखेरीला डब्यात उरलेल्या ज्वारीवर घर चालवणारी बाई तो रोज करते. तिने केला की ते घरकाम, मुलाने पडद्यावर केला की डावपेच!

आणि गंमत अशी, की धान्याचा दाणा न् दाणा मोजणाऱ्या या खेळात धान्य रांधणारं कोणी नाही. कोठार भरलं की नगराची लोकसंख्या एकाने वाढते. बाळंतपण नाही, दूध पाजणं नाही, रात्रीची जागरणं नाहीत. सेटलर तयार झाला की नगरातलं एक माणूस कमी होतं. ते कोणाच्या घरातून गेलं, मागे कोण राहिलं, याची नोंद नाही. सहाव्या आवृत्तीतला ‘बिल्डर’ शेत, खाण, कुरण अशी साधारण तीन कामं करतो आणि तिसरं संपताक्षणी पडद्यावरून नाहीसा होतो. बांधकामावरच्या आपल्या बायांना हे चित्र नवं वाटायचं नाही. सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत, घरचं बिनमोल काम करणाऱ्या बाया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ९७, असं आढळलं. खेळात ही मिनिटं शून्य आहेत.

दुसरी गोष्ट जमिनीची. खेळात ती रिकामी असते. जी रिकामी नाही तिथे एक तर ‘रानटी’ लोकांचा तळ असतो, तो उद्ध्वस्त केला की सोनं मिळतं. नाहीतर ‘आदिवासी गाव’ असतं. तिथे तुमचा माणूस पोचला की गाव काहीतरी भेट देतं, सोनं किंवा एखादी विद्या, आणि नकाशावरून पुसलं जातं.

नागपुरात बसून हे पाहताना हसावं की रडावं कळत नाही. हे शहर १७०२ च्या सुमारास बारा वस्त्या जोडून वसवलं ते देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंद शहाने. त्याचा वारस चांद सुलतान याने इथे राजधानी आणली, तट बांधला, तलाव केला. तोच आपला शुक्रवारी तलाव. खेळाच्या भाषेत ज्यांचं ‘गाव’ भेट देऊन गायब व्हायचं, त्यांनी इथे नगर उभं केलं. १७३९ मध्ये चांद सुलतान वारला, गादीवर दुसऱ्याने हक्क सांगितला, तेव्हा त्याची विधवा राणी रतनकुंवर हिने मुलांच्या हक्कासाठी रघूजी भोसल्यांची मदत मागितली. पुढच्या चारेक वर्षांत सत्ता भोसल्यांकडे गेली. इतिहासाच्या पुस्तकात रतनकुंवर तेवढ्या एका वाक्यापुरती येते. मग इथून बंगालवर स्वाऱ्या झाल्या आणि १७५१ मध्ये ओरिसा हाती आला. आपण याला नागपूरकरांचा विस्तार म्हणतो. बंगाली आयांनी मात्र ‘बर्गी’ येतील या भीतीची अंगाई केली आणि ती अजून म्हटली जाते.

यावर कोणी म्हणेल, खेळात राण्याही आहेत की! आहेत. १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीत प्रत्येक संस्कृतीला एक पुरुष आणि एक स्त्री नेता होता. भारताच्या वाट्याला इंदिरा गांधी आल्या. पण राणी निवडली तरी नियम तेच, जमीन तशीच रिकामी. २०१८ मध्ये कॅनडाच्या क्री समाजाचा पाउंडमेकर नेता म्हणून खेळात आणला, तेव्हा त्याच्याच समाजाच्या एका प्रतिनिधीने जाहीर आक्षेप घेतला, की दुसऱ्यांची जमीन जिंकत सुटणं ही आमची रीत नव्हतीच. सन्मानाच्या नावाखाली माणसाला साम्राज्याच्या साच्यात कोंबणं आपल्यालाही माहीत आहे. सातव्या आवृत्तीत ‘रानटी’ हा शब्द गेला, त्या लोकांशी मैत्रीही करता येते. म्हणजे नियम काही दगडावर कोरलेले नाहीत.

म्हणून बंदी घाला असं मी म्हणणार नाही. उलट माझी तक्रार अशी, की घरात एक संगणक असला तर त्यावर मुलगा बसतो आणि मुलगी पोळ्या लाटते. पुढचा विचार करणं, आज थांबून उद्याचं मिळवणं, हे सगळं या खेळात आहे आणि ते आपल्या मुलींना मिळालं पाहिजे. किशोरी गटांच्या शिबिरात तो एकदा खेळून पाहावा. संगणक नसेल तर चौकटीचा कागद, खडू आणि मूठभर ज्वारीचे दाणे पुरतात. नियम मुलींनीच ठरवावेत. सुरुवातीला एक मी सुचवते: बिल्डर तिसऱ्या कामानंतर नाहीसा होणार नाही. तो संध्याकाळी घरी येईल, आणि त्याला कोणी रांधून घातलं, पाणी कोणी कुठून आणलं, हे लिहिल्याशिवाय खेळणारीला पुढची चाल करता येणार नाही.