मध्यबिंदूचा हा द्वेष कशासाठी?

गेल्या हिवाळ्यात छायाचित्रांच्या एका स्पर्धेत परीक्षक म्हणून बसण्याचा योग आम्हांस आला. अमळनेरच्या एका विद्यार्थ्याने आपल्या आजीचे चित्र पाठविले होते. उघड्या दारापुढे ओट्यावर बसलेली वृद्धा, मांडीवर सूप, दृष्टी सरळ आपल्याकडे, दोन्ही बाजूंस दोन कवाडे. आणि ती चौकटीच्या अगदी मध्यावर. सहपरीक्षकांनी ते क्षणार्धात बाजूस सारले. कारण विचारता उत्तर मिळाले, ‘विषय मध्यभागी आहे.’ जणू तो गुन्हाच होय!

चौकटीवर दोन उभ्या व दोन आडव्या रेघा कल्पून विषय त्यांवर, किंवा त्या एकमेकींस छेदतात तेथे बसवावा, असा हा तृतीयांशाचा नियम. मोबाईलच्या पडद्यावर तर त्या रेघा आयत्याच मिळतात. त्यास हे नाव दिले जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज खोदचित्रकाराने, १७९७ साली. म्हणजे छायाचित्रणकला जगापुढे प्रकट होण्याच्या बेचाळीस वर्षे आधी! निसर्गदृश्यात जमीन व आकाश, उजेड व छाया यांची वाटणी कशी असावी, ही त्याची विवंचना होती. ओट्यावरील आजीविषयी त्याने काही सांगितलेले नाही.

नियम निरुपयोगी आहे, असे आमचे म्हणणे नव्हे. जुन्या कॅमेऱ्यांत फोकस साधण्याची खूण बहुधा मध्यावरच असे. नवशिका तेथे चेहरा आणी, कळ दाबी, आणि डोक्यावर निम्मी चौकट ओस पडे. त्या खोडीवर हा उतारा गुणकारी ठरला. धावत्या बैलगाडीपुढे वाट मोकळी ठेवावी, हेही रास्तच. परंतु औषध म्हणून घेतलेले रोजचे अन्न करून बसावयाचे काय?

वैशाख शुद्ध एकादशीस आमच्या गावी संत सखाराम महाराजांचा रथ निघतो. माणसांच्या दाटीतून समोर येणाऱ्या त्या रथास जो कोपऱ्यात लोटील, त्याने उत्सव पाहिलाच नाही. लिओनार्दोने आपल्या अखेरच्या भोजनाच्या चित्रात येशूस मध्यावरच बसविले आहे. त्यासही आमचे परीक्षक नापास करतील! चाळीसगावचे केकी मूस (१९१२–१९८९) घराबाहेर न पडता टेबलावर लहानसहान वस्तू मांडून त्यांतून दृश्ये उभी करीत. कोणती वस्तू कोठे, हे तेथे सर्वस्वी कलावंताच्या हाती असते. रेघ त्याच्यासाठी ते ठरवीत नाही.

मध्यभागी बसविले की चित्र निश्चल होते, असा आक्षेप येतो. होते, खरेच. पण ती आजी कोठे निघाली होती? ती ना डावीकडे पाहते, ना उजवीकडे; मग कोणत्या अंगास तिने जागा सोडावी? निश्चलता हाच त्या चित्राचा विषय होता.

बहुमत आमच्या विरुद्ध गेले. पुढे तो विद्यार्थी भेटला व विचारू लागला, “सर, डावीकडचे कवाड कापून पुन्हा पाठवू का?” आम्ही त्यास तसे करू दिले नाही.