चिमणीचा खर्च कापू नका : माझाच जुना सल्ला मी मागे घेतेय



आजचा लेख लिहायला मला जरा जड जातंय, कारण तो माझ्याच एका व्हिडिओच्या विरोधात आहे. मंदीत खर्च कुठे कापायचा, यावर मी एक व्हिडिओ केला होता. त्यातल्या यादीत सातव्या नंबरला मी सांगितलं होतं, "चिमणीची सफाई दर तीन महिन्यांनी करत असाल तर वर्षातून एकदा करा, काही बिघडत नाही." मी स्वतःही तेच करत होते. तो व्हिडिओ आता चॅनलवर नाही. पण तो पाहून कुणी खरंच सफाई पुढे ढकलली असेल, तर त्यांच्यासाठी हा लेख आहे. आणि जे वडापाव सेंटर, चायनीज, मेस किंवा क्लाउड किचन टाकायच्या तयारीत आहेत, त्यांच्यासाठी तर आहेच.

झालं काय?

नाशिकरोडला माझं नाश्ता सेंटर आहे. खाली दुकान, वर रहिवासी. दिवाळीच्या आधीचा आठवडा होता. फराळाच्या ऑर्डरी, दोन कढया सकाळपासून चालू. संध्याकाळी सातच्या सुमारास एका कढईतलं तेल जास्त तापलं आणि भडका उडाला. आमचे आचारी मामा तीस वर्षांचे अनुभवी. त्यांनी लगेच गॅस बंद केला, कढईवर झाकण टाकलं. ज्वाळ विझली. आम्ही सगळे हुश्श म्हणालो.

पण वरून घोंगावल्यासारखा आवाज यायला लागला. डक्टच्या आत आग लागली होती. आणि आमचा ब्लोअर चालूच होता. लोहाराच्या भात्यासारखा तो आत हवा ओढत होता. अर्ध्या मिनिटात वरून जळतं तेल ठिबकायला लागलं. मामांच्या उजव्या हातावर पडलं. पोऱ्या पाण्याची बादली घेऊन धावला, मामा त्याही अवस्थेत ओरडले, "पाणी नको!" ते ओरडले नसते तर काय झालं असतं, याचा मी अजून विचार करत नाही.

वरच्या मजल्यावर काकू राहतात. आमचा डक्ट त्यांच्या खिडकीजवळून वर जातो. धुराचा वास येतो, भिंत तेलकट होते, अशी त्यांची दोन वर्षं तक्रार होती. मी त्यांना किरकिऱ्या समजत होते. त्या दिवशी त्यांच्या खोलीचा पडदा पेटला. नातू आत अभ्यासाला बसला होता. काकूंनी त्याला बाहेर ओढलं म्हणून वाचला.

अग्निशमन दल आलं, आग विझली. दुकान 17 दिवस बंद. फराळाचे ॲडव्हान्स परत केले. नवीन डक्ट, ब्लोअर, वायरिंग, मामांचं औषधपाणी, काकूंच्या खोलीची दुरुस्ती मिळून 1,85,000 रुपये गेले. बुडालेला धंदा वेगळाच. सफाई चारदाऐवजी एकदा करून मी वाचवले होते 19,500 रुपये. बीबीए करून हा हिशोब शिकले मी!

फिल्टर चकाचक होते, तिथेच फसले

आम्ही घाणेरडे लोक नाही. आमचे फिल्टर दर रात्री निघायचे, गरम पाण्यात साबण टाकून धुतले जायचे. हूडला हात लावला तर ओशट लागायचा नाही. गिऱ्हाईक कौतुक करायचं. पण आग फिल्टरला लागलीच नाही, लागली ती फिल्टरच्या वर, जिथे आमच्यातलं कुणी कधी डोकावलंच नव्हतं.

आपण सगळ्या सेटला 'चिमणी' म्हणतो, म्हणून घोटाळा होतो. यात चार वेगळ्या गोष्टी आहेत. शेगडीवरचा हूड, त्यातले फिल्टर, वर जाणारा डक्ट आणि शेवटी ब्लोअर. तेलाची वाफ फिल्टरमध्ये सगळी अडकत नाही. उरलेली वर जाते, डक्टचा गार पत्रा लागला की तिथे थिजते आणि थरावर थर चढतो. तो थर म्हणजे साठवलेलं इंधनच. वडा तळतो ते तेल 170-180 अंशांवर असतं. साधारण 230 च्या आसपास रिफाइंड तेल धूर सोडायला लागतं आणि 350 च्या पुढे गेलं की काडी न लावताही पेटू शकतं. खाली एक भडका उडाला, की ब्लोअर ती ज्वाळ सरळ त्या थरापर्यंत नेतो.

म्हणून माझं पहिलं म्हणणं हे, की जे दिसतं ते आपण धुतो आणि पेटतं ते न दिसणारं. डक्टला दार नसेल तर तो साफ होत नाही, मग एजन्सीवाला कितीही बिल लावो. डक्टच्या प्रत्येक वळणाजवळ उघडता येणारं झाकण हवं. सफाई झाल्यावर आधीचा आणि नंतरचा आतला फोटो मागा. फोटो नाही तर पैसे नाहीत.

भिंतीवरचा कागद आग विझवत नाही

आता कायद्याकडे येऊ. 'महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006' यात जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची आहे. भोगवटादार म्हणजे जागा वापरणारा, म्हणजे भाड्याने घेतलेले तुम्ही-आम्हीसुद्धा. लायसन्स असलेल्या एजन्सीकडून यंत्रणा सुस्थितीत असल्याचा 'फॉर्म बी' वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये द्यायचा असतो. तुमच्या जागेला, तिच्या आकाराला आणि वापराला नेमकं काय लागू आहे, हे एजंटला विचारू नका. जवळच्या अग्निशमन केंद्रात स्वतः जा. मी गेले तेव्हा साहेबांनी खुर्ची देऊन समजावून सांगितलं. आधी गेले असते तर बरं झालं असतं.

कारण माझ्याकडे फॉर्म होता. फ्रेम करून गल्ल्याच्या मागे लावला होता. एजन्सीचा माणूस आला, लाल सिलिंडरचा काटा बघितला, चहा प्यायला, गेला. डक्टकडे त्याने मान वर करून पाहिलं नाही आणि मीही दाखवला नाही. मला कागद हवा होता, त्याला पैसे हवे होते. चूक त्याची आहेच, पण दुकान माझं होतं.

काही जण म्हणतील, "ताई, हे सगळे नियम लहान माणसाला छळायला असतात. मोठ्या हॉटेलांना कोण विचारतं?" कागदांचा त्रास होतो, मान्य. फूड लायसन्स, गुमास्ता, आणि वर हे. मीही वैतागते. पण आगीला दुकानाचा आकार कळत नाही. 2017 च्या डिसेंबरात मुंबईत साकीनाक्याला एका फरसाणाच्या दुकानाला पहाटे आग लागली, 12 कामगार गेले. त्यानंतर 11 दिवसांनी कमला मिलच्या आगीत 14 जण गेले. कारणं वेगवेगळी होती, डक्टची नव्हती. पण एक जागा फरसाणाची आणि दुसरी मोठ्या हॉटेलांची. आणि लहान दुकानाला तर बाहेर पडायला बहुतेक एकच दार असतं.

किती दिवसांनी साफ करायचं?

अमेरिकेत यासाठी 'एनएफपीए 96' नावाचं मानक आहे. तो आपल्याकडचा कायदा नाही, पण किचन बसवणारे चांगले लोक इथेही तेच धरून चालतात. त्यातला तपासणीचा हिशोब सोपा आहे :

- कोळसा किंवा लाकूड वापरत असाल (तंदूर, भट्टी) तर दर महिन्याला.
- दिवसभर जोरात काम, चायनीजची मोठी आच, ग्रिल असेल तर दर तीन महिन्यांनी.
- मध्यम काम असेल तर सहा महिन्यांनी.
- क्वचित वापर असेल तरच वर्षातून एकदा.

आत थर 2 मिलिमीटर झाला, म्हणजे अंदाजे काडीपेटीतल्या काडीएवढा, की तारखेची वाट पाहायची नाही. माझं मत विचाराल तर दिवसभर तळण असेल त्याने तीन महिने हीच मुदत धरावी आणि दिवाळी, गणपती, लग्नसराई याच्या आधी एकदा आत डोकावून घ्यावं. आपण ऑर्डरी घेऊन मग वेळ नाही म्हणतो. उलटं करा. आधी सफाई, मग ऑर्डर.

हिशोब कसा मांडायचा?

माझ्याकडे एका सफाईचे 6,500 रुपये लागतात. वर्षाचे 26,000. आठवड्याची सुट्टी सोडून 313 दिवस दुकान चालतं, म्हणजे दिवसाला 83 रुपये. 20 चा वडापाव धरून "चारच वडापाव की!" असं म्हणू नका, ती विक्री झाली. खरा नफा एका वडापावमागे सात-आठ रुपये धरा, म्हणजे रोजचे अकरा-बारा वडापाव. हा खर्च लहान नाही, हे मलाही कळतं. म्हणून तो 'उरले तर करू' मध्ये ठेवायचा नाही. भाडं, पगार, गॅस आणि चौथी ओळ चिमणी. महिन्याला साधारण 2,200 रुपये वेगळ्या डब्यात टाका. वड्याच्या किमतीत हा खर्च धरलेला नसेल तर तुमची किंमतच चुकलेली आहे.

विम्याचंही सांगते. पॉलिसीत वाजवी काळजी घेण्याची अट असते. क्लेम करताना सफाईची बिलं, तारखा, फोटो उपयोगी पडतात. मी वहीत काहीच लिहिलेलं नव्हतं. सर्व्हेअरने पहिला प्रश्न विचारला, "शेवटची सफाई कधी?" मी गप्प.

जागा घेणाऱ्यांनो, डिपॉझिट देण्याआधी

नवीन लोक गाळा बघताना भाडं, पार्किंग, गर्दी बघतात. मान वर करा आणि हे विचारा :

- डक्ट कुठून जातो, किती वळणं आहेत, कुणाच्या खिडकीजवळून जातो?
- उघडायची झाकणं आहेत का? ब्लोअरपर्यंत माणूस पोचतो का?
- दोन-तीन किचनचा एकच डक्ट असेल तर सफाई कोण करणार? हे करारात लिहून घ्या. शेजाऱ्याची आग तुमच्या हूडमधून खाली येऊ शकते.
- फिल्टर जाळीचे आहेत की पट्ट्यांचे? पट्ट्यांचे, म्हणजे बॅफल फिल्टर घ्या. ते तिरके, किमान 45 अंशात बसवलेले हवेत, म्हणजे तेल ट्रेमध्ये निथळतं. ट्रे रोज रिकामा करा.
- फिल्टर ॲल्युमिनियमचे असतील तर कॉस्टिक सोड्यात बुडवू नका, धातू खाल्ला जातो.
- गॅसचा मेन कॉक आणि ब्लोअरचं बटण शेगडीपासून लांब, दाराकडे हवं. आमचं कढईच्या मागे होतं. आगीतून हात घालून कोण बंद करणार?

तेलाच्या आगीसाठी वेट केमिकलचं सिलिंडर वेगळं मिळतं, बाजारात त्याला 'के टाइप' म्हणतात. एक घ्याच. आणि सगळ्या पोरांना महिन्यातून एकदा तोंडपाठ म्हणायला लावा : गॅस बंद, ब्लोअर बंद, कढईवर झाकण, पाणी अजिबात नाही, वर आवाज आला की सगळे बाहेर, 101 ला फोन. पाणी का नाही, तेही सांगा. पाण्याची वाफ होताना ते सुमारे 1,700 पट फुगतं आणि जळतं तेल उडवत सुटतं. कारण कळलं की पोरं विसरत नाहीत.

मामा पुन्हा कामावर आहेत. हातावर डाग राहिला. ते काही बोलत नाहीत, पण डक्टची सफाई असते त्या दिवशी सुट्टी असूनही येऊन उभे राहतात. काकूंना आता मी दर वेळी आतले फोटो दाखवते. मागच्या वेळी त्या म्हणाल्या, "आता कसं!" एवढं एक प्रमाणपत्र मला पुरे आहे.

धंद्यात खर्च कापायला शिकावंच लागतं. पण कुठला खर्च आपला आणि कुठला दुसऱ्याच्या जिवाचा, हे आधी ओळखा. पॅकिंगमध्ये कापा, जाहिरातीत कापा, माझे कोर्स घेऊ नका. चिमणीला हात लावू नका.

आज रात्री दुकान बंद करताना एक फिल्टर काढा, मोबाईलचा टॉर्च वर धरा आणि आत बघा. जे दिसेल त्याचा फोटो काढून ठेवा. उद्या सकाळी पहिला फोन सफाईवाल्याला करा, भाजीवाल्याला नंतर.

भेटू पुढच्या व्हिडिओत.