वाळूत खेळणारे मूल

पावसाळा सरला की गावात घरांची कामे निघतात, आणि ज्याच्या दारी वाळूचा ढीग पडतो त्याच्या दारी आळीतील सारी चिमणी मंडळी गोळा होतात. परवा आमच्या शेजारी असाच ढीग पडला होता. चार वर्षांचे एक मूल करवंटीने वाळू भरून भरून डब्यात ओतीत होते. इतक्यात त्याची आई आली. "ऊठ पाहू! पाटी घे आणि अ गिरव. मातीत लोळून कोणी शहाणे झाले आहे का?" असे म्हणून तिने त्याला हाताला धरून घरात नेले.

त्या माउलीची मुलाच्या विद्येविषयीची कळकळ खरी होती. परंतु आपल्या पणजोबांची विद्या मातीतच सुरू झाली, हे ती विसरली. लाकडी फळीवर बारीक धूळ पसरावयाची व तीत बोटाने किंवा काडीने अक्षर काढावयाचे. चुकले तर हात फिरविला की फळी पुन्हा कोरी. तिला धूळपाटी म्हणत. "धुळाक्षरे" हा शब्द आपल्या भाषेत अद्याप आहे. केवळ धूळ तेवढी आपल्याला नकोशी झाली.

अ काढावयास बोटांत बळ लागते, मनगट वळावे लागते, डोळा व हात यांचा मेळ बसावा लागतो. तीनचार वर्षांच्या मुलाचा हात त्यास तयार नसतो. ओली वाळू मुठीत दाबताना, चिमटीने खडा वेचताना, भरलेली करवंटी न सांडता नेताना तो तयार होतो.

बुद्धीचेही तसेच. उंच पेल्यातील वाळू मुलासमोर पसरट वाडग्यात ओता आणि विचारा, "आता जास्त आहे की कमी?" लहान मूल बहुधा "कमी झाली" म्हणेल. मुलांच्या या समजुतीचा अभ्यास स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी केला होता. मूल सहासात वर्षांचे होईतो हा घोटाळा सहसा सुटत नाही, व सांगून तर मुळीच सुटत नाही. तेव्हा हसू नका. पुन्हा पेल्यात ओतून त्याचे त्यालाच पाहू द्या. कोरडी वाळू ओघळते, थोडी भिजली की तिचा बुरूज उभा राहतो, आणि पाणी फार झाले की तोच बुरूज ढासळतो. मोजून पाणी घालण्याचा हा पहिला धडा होय. भाकरीचे पीठ मळणाऱ्या गृहिणीस त्याचे मोल निराळे सांगावयास नको.

यास खर्च लागत नाही. १९४५ साली बोर्डी येथे ताराबाई मोडक यांनी खेड्यातील मुलांसाठी बालशिक्षणाचे काम उभारले, तेव्हा शंख-शिंपले, बिया, पाने अशा जवळच्याच वस्तू त्यांनी साधने म्हणून घेतल्या. घरी एखादे जुने घमेले, वीतभर चाळलेली वाळू, करवंटी व मोडका डाव एवढे पुरे.

काळजी मात्र घ्यावी. बांधकामाच्या ढिगात खिळे व काचा असतात, आणि उंच ढिगात बोगदा खणू देणे तर जिवावरचे आहे. वाळू कोसळली तर लहान मूल गुदमरते. हल्ली दगड भरडून केलेली वाळू येते. तिचे कण टोकदार व धूळ फार, म्हणून खेळास ती नको. रात्री घमेल्यावर झाकण घालावे, नाहीतर मांजरे तेथे घाण करतात व त्यातून जंत होतात. खेळ संपल्यावर हात साबणाने धुवावेत. डोळ्यात कण गेल्यास चोळू न देता स्वच्छ पाण्याने धुवावा.

हे सारे मी त्या माउलीस ओसरीवर बसून सांगितले. तिला ते कितपत पटले कोण जाणे! पण दुसऱ्या दिवशी मागीलदारी एक गळके घमेले दिसले. मुलाने त्यातील वाळूत नदी कोरून तांब्याभर पाणी ओतले होते आणि आईला विचारीत होते, "आई, पाणी कुठे गेले ग?" आई पदर खोचून घमेल्याखाली वाकून पाहत होती.